फळीवरचा संसार

बापूजी लग्नाचा मांडव पाहायला आला की मोडायला, हे नंदाबाईला आधी समजेचना. दमणी दारात उभी राहिली, पण त्यानं बैल सोडले नाहीत. त्याची बायको विमलताई दमणीतच बसून राहिली, पदर कपाळापर्यंत ओढून, तोंड रस्त्याकडे करून. सख्खा भाऊ दारात येतो आणि बैल जुवाखालीच ठेवतो, म्हणजे तो पाहुणा म्हणून आलेला नाही, एवढं समजायला शाळा लागत नाही.

"बैल सोडाले सांगतो ना, भाऊ," नंदाबाई म्हणाली. "उन्हाचे आले तुमी."

"सुटनार नाई बैल. दोन गोष्टी बोलतो आन्‌ जातो. जवाईबापू कोठी हायेत?"

किसनराव भिंतीला चुना मारत होता, तसाच कोपरापर्यंत पांढरे हात घेऊन बाहेर आला. बापूजीनं रामराम घेतला नाही.

"किसनराव, लेकीच्या लग्नाचे भांडे तुमी बाभूळगावच्या दुकानात मांडून ठेवले. सोयऱ्याईनं जावं, पाहावं, पसंत करावं. असं कोनी केलं नोतं आजवर, तरी मी चूप बसलो. पन काल माही बायको तठी गेली, तं तवा पालथा! लग्नाच्या सामानात पालथा तवा! मयताच्या घरी घालते तवा पालथा. तुमच्या घरी कोन मेलं, सांगा मले."

"काय बोलता भाऊ!" नंदाबाईनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"एक तवाच नाई," दमणीतून विमलताईचा आवाज आला. "गंज पालथे, पिठाची कोपर पालथी, सारंच पालथं. आन्‌ घंगाळ तं नाईच तठी."

"तू चूप राय!" बापूजी गर्रकन वळून ओरडला. मग पुन्हा किसनरावकडे बघून म्हणाला, "असला अपशकुन झालेल्या मांडवात मी येनार नाई. पोरीले बोहल्यावर न्याले दुसरा मामा पाहा."

दमणी वळली. नंदाबाई धुळीकडे पाहत राहिली. दुसरा मामा आणायचा कुठून? आईबापाच्या पोटी ती आणि बापूजी, दोघंच. मामाचा हात धरल्याशिवाय पोरगी मांडवात येते का कुठे?

किसनराव मागे वळला तेव्हा दाराच्या चौकटीत तानाबाई उभी होती. त्याची मोठी बहीण. ऐन विशीत कपाळ पुसून माहेरी आली, तेव्हापासून या घरातली प्रत्येक भाकर आणि प्रत्येक भांडण तिच्या डोळ्यांखालून जात होतं. नंदाबाई या घरात सून म्हणून आली ती तिच्याच हाताखाली. दोघींचं कधी मिठावरून वाजलं, कधी लुगडं वाळत घालण्यावरून. पण या आहेराच्या कामात तानाबाईनं जे डोकं लावलं होतं, ते पाहून नंदाबाई गेला महिनाभर मनातल्या मनात थक्क होती. बोलून दाखवत नव्हती, एवढंच.

गोष्ट सुरू झाली ती थोरल्या देवकीच्या लग्नापासून. देवकीला आहेर आला गडव्यांचा. मामेसासऱ्याचा गडवा, चुलत्याचा गडवा, सावकाराचा गडवा, प्रत्येकावर छिन्नीनं कोरून नाव घातलेलं. पाणी प्यायला गडवा लागतोच, तेव्हा कोणाचं चुकलं म्हणावं? पुसदला वेगळं बिऱ्हाड केलं तेव्हा तिच्याकडे साऱ्या गल्लीला पाणी पाजता आलं असतं, पण भाकर टाकायला तवा नव्हता. शेजारणीचा तवा मागून आणायची. शेजारीण म्हणायची, "देवका, तुह्या घरी तहान भागते व, भूक नाई भागत." हे देवकी हसत सांगायची, पण नंदाबाईच्या काळजात ते काट्यासारखं राहून गेलं होतं.

आता धाकटी वच्छला मुकुटबनला जाणार. जावई मास्तर, नात्यागोत्याचं तिकडे कोणी नाही. सासरचं घर दूर वर्धेकडे. मागायला शेजारीणही नवीनच. तानाबाई भावासोबत मुकुटबनची ती खोली पाहून आली. लोक जावयाचं स्थळ पाहतात, तानाबाईनं चूल कुठे मांडायची ते पाहिलं. खोलीची लांबीरुंदी तिनं हात पसरून मोजली, खुंट्या मोजल्या, विहिरीला रहाट आहे का विचारलं. परत आल्यावर किसनराव म्हणाला, "कागद काढतो. काय काय लागते ते लिहितो, आन्‌ सोयऱ्याईले पाठवतो."

"वाचीन कोन?" तानाबाई म्हणाली. "तुह्या सासरवाडीत एक मानूस वाचते, थो बी ऐनकेशिवाय नाई. आन्‌ घरी कागद आला म्हंजे मागनं झालं. मागनं आपल्याले जमत नाई."

मग ती बाभूळगावच्या बाजारात रहमतभाईच्या भांड्यांच्या दुकानात गेली. त्याच्या बापापासून या घराचा व्यवहार. त्याला म्हणाली, "भाऊ, एक फळी रिकामी करून दे. तिच्यावर एका खोलीचा संसार मांडायचा. जास्त नाई, कमी नाई." आणि तिनं स्वतः उभं राहून तो मांडला. तवा, दोन गंज, पिठाची कोपर, पाण्याचा गुंड, ताटं, वाट्या, झारा, भाकर उलटायचा सराटा, चिमटा, चाळणी, किसणी, खलबत्ता, मिठाचा डबा, कंदील. एकच गडवा. सोयऱ्यांना निरोप एवढाच गेला: आहेर घ्यायचा तर रहमतभाईकडून घ्या, तो दाखवील. ज्यानं जे घेतलं ते फळीवरच राहायचं, लग्नाच्या दिवशी एकदम निघायचं. घेतलेलं कोणतं आणि उरलेलं कोणतं, हे दुसऱ्या सोयऱ्याला दुरूनच दिसावं म्हणून घेतलेलं भांडं रहमतभाई पालथं घालत असे.

तिथेच घात झाला.

"बाई, बंद कर आता हे," किसनराव बहिणीला म्हणाला. "मांडवात गडवे आले तं येऊ दे. मामा आला पायजे."

"आपलंच चुकलं," तानाबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आलेला नंदाबाईनं पहिल्यांदाच ऐकला. "रहमतले सांगून येतो, सारं मोकळं करून दे म्हनून."

कोणाला वाटलं असतं, भाऊ रुसून गेला तर नंदाबाई नणंदेवर तुटून पडेल. किसनरावही त्याच तयारीनं तिच्याकडे बघत होता. पण नंदाबाई बोलली ते भलतंच.

"मोकळं काहून करायचं? माह्या एका लेकीनं मागून तवा आनला. दुसरी नाई आननार. उद्या सकाळी मी येतो बाईसंग दुकानात."

किसनरावनं चुन्याचा हात तसाच कपाळाला लावला आणि तो दिवसभर तसाच पांढऱ्या कपाळानं हिंडला.

सकाळी रहमतभाईनं दोघींना पाहिलं आणि गादीवरून खाली उतरला. तव्याची वार्ता त्याच्यापर्यंत पोचली होती.

"ताई, अल्ला कसम, मी तं इज्जतीनं पालथं घातलं. बाजाराची धूळ हाय, म्हनलं पोरीच्या भांड्यात जाऊ नये. तुमच्यात तव्याचं असं असते हे मले ठाऊक असतं तं हात लावला नसता."

"तुले कायले दोष द्यायचा भाऊ," तानाबाई म्हणाली. "म्या पाहिलं होतं, मले बी सुचलं नाई. रोज घासून पालथेच घालतो ना आपन. फकस्त तवा नाई घालत, हे हाताले ठाऊक हाय, डोक्याले नाई."

मागच्या पडद्यातून शमसुन्निसा आली. रहमतभाईची बायको. तानाबाईनं गेल्या आठवड्यात कैरीचं लोणचं पाठवलं होतं, त्याची वाटी तिच्या हातात होती. वाटीत भाजलेल्या शेवया भरलेल्या.

"ही तुमची कटोरी, तानाआपा. किती दिवसांची राहून गेली."

"शेवया कायच्या?"

"रिकामी कशी देऊ? माझी सास म्हणायची, खाली बर्तन लौटाना नहीं. घरची बरकत जाते."

"आमच्यात बी नाई देत," नंदाबाई म्हणाली. "काई नसलं तं चिमूटभर साखर तरी टाकते."

तानाबाई वाटी हातात घेऊन उभीच राहिली. तिनं शेवयांकडे पाहिलं, मग फळीकडे पाहिलं. नंदाबाईला ती नजर ओळखीची होती. नणंद अशी बघायला लागली की घरात काहीतरी हलणार.

"रहमत, तवा सुलटा कर."

त्यानं केला.

"नंदे, हा तवा कोनी घेतला?"

"आपल्या पांडुरंग भाऊजीनं."

"त्याच्या शेतात औंदा काय पिकलं?"

"जवारी. दुसरं काय."

"मंग त्याले निरोप धाड. म्हना, मूठभर जवारी घेऊन ये, आन्‌ आपल्या हातानं तव्यावर टाक. रिकामं भांडं कोनी देत नाई ना? मंग रिकामं ते अजून कोनाचं नाई. दाना पडला ते दिलेलं." ती शमसुन्निसाकडे वळली. "बहन, तुह्या सासूनं माह्या भाचीचं लगन सावरलं बघ."

शमसुन्निसा हसली. "सास असती तर म्हणाली असती, बहू को आज समझा."

मग जे झालं त्याची कोणालाच कल्पना नव्हती. नुसतं पैसे टाकून भांडं घेणं वेगळं आणि आपल्या शेतातला दाणा आपल्या हातानं पोरीच्या भांड्यात टाकणं वेगळं. पांडुरंगानं तव्यावर ज्वारीची रास घातली. ती पाहून धाकट्या चुलत्यानं गंजात तूर भरली, काठोकाठ. नंदाबाईचा मामेसासरा उकंडा, त्याला मूठभर दाणे टाकणं कमीपणाचं वाटलं. त्यानं पाण्याचा गुंड गव्हानं गळ्यापर्यंत भरला आणि वर म्हणाला, "आमचा गहू दाबून भरा, पोकळ राहू नये." बायका यायच्या, कोणाची तूर टपोरी, कोणाच्या गव्हात खडे, हे बोटांनी चाळून पाहायच्या. बाजारातल्या चिमण्या दुकानात शिरल्या. रहमतभाई गादीवर बसून हातातलं फडकं झटकत म्हणायचा, "मी भांडे विकतो की अनाज, हे आता मले बी समजून नाई राह्यलं."

ज्यांनी आधी तोंडं वाकडी केली होती, "दुकानात जाऊन आहेर करायचा म्हणजे काय," तेच आता दुसऱ्यांदा येऊन आपलं भांडं जागेवर आहे ना ते पाहून जात. नंदाबाई हे सगळं बघत होती. तिला वाटे, या बाईच्या कपाळी देवानं संसार लिहिला नाही, पण संसार कशानं उभा राहतो हे हिच्याइतकं कोणाला कळतं?

पण फळीच्या एका टोकाचं सामान तसंच पडून राहिलं. चिमटा, झारा, सराटा, चाळणी, खलबत्ता, किसणी, मिठाचा डबा. लहान वस्तू. त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. लग्नात चिमटा दिला म्हणून सांगायला कोणाची जीभ वळेल?

आणि बापूजीकडून काही निरोप नव्हता.

"तव्याचा राग नाई हा," तानाबाई एका सकाळी चुलीपुढे म्हणाली. "तवा तं सुलटा झाला, साऱ्या बाजारानं पाह्यला. त्या दिवशी विमलताई दमणीतून काय बोलली, ध्यानात हाय का तुह्या?"

नंदाबाईच्या ध्यानात होतं. घंगाळ. त्यांच्या घरात भाचीच्या लग्नात मामा घंगाळ देतो. तांब्याचं, दोन कड्यांचं, उचलायला दोन माणसं लागतील असं. देवकीलाही बापूजीनंच दिलं होतं. फळीवर घंगाळ नव्हतं, म्हणजे मामाला जागा नव्हती.

"मंग ठेवू ना एक," नंदाबाई म्हणाली.

"त्या खोलीत घंगाळ ठेवलं तं जवाई बाहेर झोपन. चाल, दमणी जुंपाले सांग."

बापूजीच्या अंगणात दोघी पोचल्या तेव्हा तो गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होता. त्यानं बहिणीकडे पाहिलं, तानाबाईकडे पाहिलंच नाही.

"मनवाले आले का?"

"नाई," तानाबाई म्हणाली. "मनवाले तुमची बहीन येईन. मी अडचन घेऊन आलो."

"कायची अडचन?"

"फळीचं एक टोक तसंच पडून हाय, भाऊ. चिमटा हाय, झारा हाय, मिठाचा डबा हाय. कोनी हात लावत नाई. पांडुरंग म्हनते लोक हासतीन. उकंडा म्हनते माह्या नावाले शोभत नाई. पोरीची चूल पेटन, तवा तापन, आन्‌ भाकर उलटाले काई नसन. बोटं भाजून घेईन ते."

"मंग? मी देऊ चिमटा? मी?" बापूजीचा आवाज गोठ्याच्या बाहेर गेला. म्हैस दचकली.

"तुमीच देऊ शकता, म्हनून आलो. लहान मानसाले चिमटा देता येत नाई भाऊ, त्याले लाज वाटते. त्याले गुंडच द्यावा लागते. चिमटा द्याले मोठा मानूस लागते, ज्याच्याकडं पाहून कोनी म्हननार नाई की ह्याची ऐपत नोती."

घरातून विमलताईनं डोकावून पाहिलं आणि मागे सरकली. नंदाबाईला वाटलं आता हा म्हणेल, चालते व्हा. तानाबाई मात्र म्हशीकडे पाहत होती, जशी काही म्हैसच विकत घ्यायला आली आहे.

"चहा घेऊन जा," बापूजी शेवटी म्हणाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. चहा झाला, पिकाचं बोलणं झालं, लग्नाचा शब्दही निघाला नाही. परतताना नंदाबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"माहा भाऊ नाई येनार, बाई."

"रडू नको. म्या काई मागतलं नाई त्याच्यापाशी, तं त्यानं नाई कायले म्हनलं? वाट पाह्य."

हळदीचा दिवस उजाडला. मांडवात जांभळीच्या डहाळ्या बांधल्या होत्या, पोरीला हळद लागत होती, आणि नंदाबाई दर घडीला रस्त्याकडे बघत होती. वच्छला पाटावरून म्हणाली, "माय, तू माह्या तोंडाले हळद लावून राह्यली का रस्त्याले?" बायका हसल्या. नंदाबाई हसली नाही.

दुपार कलली तेव्हा वेशीकडून गलका आला. बापूजीची दमणी होती. मागे आणखी एक बैलगाडी, आणि तिच्यात उन्हात लखलखणारं तांब्याचं घंगाळ. एवढं मोठं की गाडीवान त्याला टेकून बसला होता.

किसनराव कपाळावर हात मारून हळूच म्हणाला, "आनलंच का ह्यानं. आता हे मुकुटबनले कसं न्यायचं?"

बापूजीनं बैल सोडायला सांगितले. चार माणसांनी घंगाळ मांडवात आणून ठेवलं. आत धान्य नव्हतं. आत चिमटा होता, झारा होता, चाळणी, किसणी, खलबत्ता, मिठाचा डबा, फळीवरचं उरलेलं सारं, आणि वरून रहमतभाईच्या दुकानात होतं नव्हतं ते, अगदी दिव्याची वात सारायच्या काडीपर्यंत. प्रत्येक वस्तूवर छिन्नीनं घातलेलं बापूजीचं नाव. चिमट्याच्या दोन्ही पात्यांवरसुद्धा, बारीक अक्षरात.

"मिठाच्या डब्यात मूठभर मीठ हाय," विमलताई म्हणाली. "रिकामा नाई दिला."

उकंडा मामेसासऱ्यानं चिमटा उचलून पाहिला. "बापूजी, तुमी चिमटा दिला भाचीले?"

बापूजी मधोमध उभा राहिला, कमरेवर हात ठेवून.

"हो, दिला. उकंडराव, गुंड देनारे लय सापडतीन तुमाले. चिमटा द्याले मोठा मानूस लागते." त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली. "माहं तं पहिल्यापासून म्हननं, पोरीले काय लागते ते पाहा, मंग आयेर करा. ह्या आपल्या लोकाईले कोन सांगन? ह्या फळीची गोष्ट अशीच चालली पायजे. पुढच्या लग्नात मीच उभा राहून मांडीन."

"आन्‌ हे घंगाळ?" किसनरावनं भीत भीत विचारलं.

"हे मुकुटबनले जानार नाई. हे माह्या बहिनीच्या घरी राहीन. पोरगी पहिल्या बाळंतपनाले माहेरी येईन, तवा तिचं आन्‌ लेकराचं न्हानं ह्याच्यात. मामाचं घंगाळ त्याच्यासाठी असते, जवाईबापू. तुमाले कोनी सांगतलं नाई काय?"

बायकांत हसू फुटलं. वच्छलानं हळदीचं तोंड पदरात लपवलं. बापूजी पुढे झाला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "उद्या तयार राय. मी न्याले येतो बोहल्यावर."

नंदाबाईचा ऊर भरून आला. पण त्यासोबत तोंडावर एक वाक्यही आलं: अहो भाऊ, हे तर आमच्या बाईनं तुमच्या गोठ्यात उभं राहून सांगितलं होतं, शब्द न्‌ शब्द. तिनं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात तिच्या दंडाला करकचून चिमटा बसला.

तानाबाई तिच्या शेजारी उभी होती, पदर सावरत, तोंडावर केवढा भोळेपणा घेऊन.

"खरं हाय बापूजी भाऊ," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "एवढं आमाले सुचलं असतं, तं त्या पोरीले इतके दिवस घोर कायले लागला असता?"